दुबईत राहून दोघांचा शेंगेन व्हिसा: फाइल कशी बांधावी

दुबई, शारजा किंवा अबूधाबीत राहणाऱ्या भारतीय जोडप्याला युरोपच्या सुट्टीसाठी आधी भारतात जाऊन शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या एका गटात सगळीकडे चालणारा एकच व्हिसा, काढण्याची गरज नाही. व्हिसा लागतो की नाही हे पासपोर्टवर अवलंबून, आणि अर्ज कुठे करायचा हे राहत्या जागेवर. दोघांकडेही यूएईची रेसिडेन्सी, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, असेल तर दोघांनी इथूनच अर्ज करायचा.

पण दोघांचा मिळून एक व्हिसा, असा प्रकार नसतो. अर्ज दोन, फी दोन आणि निर्णयही दोन. एकाला व्हिसा मिळून दुसऱ्याचा नाकारला जाऊ शकतो. बहुतेक घरांत नोकरी करणाऱ्याची फाइल जाडजूड असते आणि दुसरी तिच्या आधाराने उभी असते. ही दुसरी फाइल एकटी वाचली तरी पुरती कळली पाहिजे. तयारीतला निम्मा वेळ तिच्यावर घालवा.

आधी एमिरेट्स आयडी पाहा, मग कॅलेंडर

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने चालावा आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. इतके सहसा सगळे तपासतात. निसटते ती रेसिडेन्सीची मुदत. परतल्यानंतर तीन महिने तरी एमिरेट्स आयडी (यूएईच्या रहिवाशाचे ओळखपत्र) चालू असावा, अशी वकिलातींची सर्वसाधारण अपेक्षा असते. बायको नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर असेल आणि तिची रेसिडेन्सी नंतर लागलेली असेल, तर दोघांच्या मुदतीच्या तारखा वेगळ्या असतात. दोन्ही कार्डे शेजारी ठेवून बघा. मुदत कमी असेल तर आधी नूतनीकरण, मग अर्ज.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला नियमाने १५ दिवस लागतात, पण जास्त तपासणी हवी असेल तर ४५ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या शाळा बंद असतात आणि सगळ्या दुबईला एकदमच युरोप आठवतो, त्यामुळे अपॉइंटमेंट मिळणे हाच मोठा अडथळा होतो. उन्हाळ्यात जायचे असेल तर मार्चमध्ये कामाला लागा. आणखी एक गोष्ट: अर्ज दिल्यापासून निर्णय होईपर्यंत पासपोर्ट वकिलातीत असतो. मध्ये गणपतीला घरी जायचे असेल किंवा गावी कोणी आजारी असेल, तर तारीख धरतानाच तो विचार करा. पासपोर्ट मधेच मागवला तर अर्ज मागे घ्यावा लागू शकतो, आणि फी परत मिळत नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे?

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे आत आले. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे. आयर्लंड आणि ब्रिटन शेंगेनबाहेर. पॅरिसहून दोन दिवस लंडन करून पुन्हा पॅरिसला यायचे असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो आणि शेंगेन व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा हवा.

ज्या देशात मुक्काम सर्वांत लांब, त्याच्याकडे अर्ज. पॅरिस तीन रात्री, इंटरलाकेन चार, रोम तीन, असा बेत असेल तर विमान पॅरिसला उतरत असले तरी अर्ज स्वित्झर्लंडचा. मुक्काम सगळीकडे सारखा असेल तर जिथून प्रथम आत शिराल त्या देशाचा. ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते त्याच्या नावे व्हिसा काढायचा आणि तिकडे न फिरकता दुसरीकडे सुट्टी घालवायची, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सीमेवर हॉटेलची बुकिंगे मागितली जाऊ शकतात, खोटा बेत दाखवल्याचे दिसले तर व्हिसा तिथेच रद्द होऊ शकतो, आणि पुढच्या अर्जात ते आड येते.

नावे: आपल्याकडची खास अडचण

महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर पहिल्या नावापुढे बहुधा वडिलांचे नाव असते, आणि लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर नवऱ्याचे. घोळ इथे सुरू होतो. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, विमा नवऱ्याने ऑनलाइन काढताना सवयीने स्वतःचे नाव आणि आडनाव लावलेले, हॉटेलच्या बुकिंगवर तिसरेच काही. पासपोर्ट माहेरच्या नावाचा असणे ही अडचण अजिबात नाही आणि व्हिसासाठी नाव बदलायचीही गरज नाही. फक्त तिकीट, विमा, बुकिंग, अर्ज, सगळीकडे पासपोर्टवरचे नाव अक्षर न् अक्षर तेच हवे.

दोघांना जोडणारा कागद म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र. रेसिडेन्सी काढताना अटेस्ट करून घेतलेली प्रतच फाइलला लावा. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. लग्नात मुलीचे पहिले नावही बदललेले असेल आणि प्रमाणपत्रावर एक नाव, पासपोर्टवर दुसरे असेल, तर राजपत्रात प्रसिद्ध झालेल्या नावबदलाची प्रत लागेल. ती घरी कपाटात असेल, तर आधीच मागवून घ्या. नवीन नावाने पासपोर्ट इथेच नव्याने काढला असेल, तर एमिरेट्स आयडीवरही नाव बदलून घेतल्यावरच अर्ज करा.

बायको भारतात असेल तर

हा प्रश्न वारंवार येतो. नवरा दुबईत रेसिडेंट, बायको नाशिकला: तिने भारतातून अर्ज करायचा, त्याने इथून, आणि दोघांनी एकाच देशाकडे. दोन्ही फाइलींत एकमेकांच्या पासपोर्टची प्रत, विवाह प्रमाणपत्र, तोच प्रवासाचा बेत आणि तीच हॉटेल बुकिंगे लावा. ती व्हिजिट व्हिसावर दुबईत आलेली असताना इथून अर्ज करणे जवळजवळ फुकट जाते. जिथे राहत नाही तिथूनच अर्ज का करतो आहोत, हे वकिलातीला पटवावे लागते, आणि सहलीचे कारण त्याला पुरत नाही.

पैशाचे आणि नोकरीचे कागद

नोकरी करणाऱ्याने कंपनीचे पत्र त्या त्या देशाच्या कॉन्सुलेटच्या नावे घ्यावे. त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, पगार, मंजूर रजेच्या तारखा आणि रजेनंतर कामावर परत येणार असल्याचा उल्लेख हवा. पत्र महिन्याच्या आतले असावे. रजा १० तारखेपासून आणि विमान ९ ला, असली तफावत नजरेतून सुटत नाही. स्वतःचा धंदा असेल तर ट्रेड लायसन्सची प्रत.

बँक स्टेटमेंट किमान तीन महिन्यांचे, बँकेच्या शिक्क्याचे. काही देश सहा महिन्यांचे मागतात. किती पैसे दाखवायचे हे देशागणिक बदलते: स्वित्झर्लंड माणशी रोज १०० फ्रँक धरते, फ्रान्स हॉटेलचे बुकिंग असेल तर ६५ युरो. ११ दिवसांच्या स्विस अर्जात दोघांचे २,२०० फ्रँक होतात. ही तळाची रेघ समजा. खात्यात त्याहून बऱ्यापैकी जास्त असावे आणि दर महिन्याचा पगार येताना दिसावा. अर्जाच्या आठवडाभर आधी मित्राकडून उसने घेऊन भरलेली रक्कम लगेच डोळ्यात भरते. बोनस किंवा गावच्या जमिनीचे पैसे आले असतील तर त्याचा पुरावा जोडून टाका.

बायकोची नोकरी नसेल तर तिच्या फाइलमध्ये नवऱ्याचे सहीचे पत्र लागते: सगळा खर्च मी करणार, सोबत माझे पगाराचे पत्र, स्टेटमेंट आणि आयडीची प्रत. फक्त त्याच्या फाइलकडे बोट दाखवून चालत नाही. सगळ्या प्रती दुसऱ्यांदा काढून तिच्या फाइलला लावायच्या. तिचे स्वतःचे खाते, भारतातल्या ठेवी, संयुक्त खाते यांपैकी काही असेल तर तेही जोडा.

विमा माणशी किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, तातडीचे उपचार आणि मायदेशी परत पाठवण्याचा खर्च धरणारा असावा. कंपनीच्या आरोग्य विम्यात हे असेलच असे नाही. परतीच्या तारखेनंतर दोनतीन दिवस जास्तीचे घ्या. तिकीट व्हिसाआधी काढू नका, आरक्षण पुरते. हॉटेल रद्द करता येईल असे घ्या, मात्र अर्ज दिल्यावर निर्णयाआधी ते रद्द करू नका, कारण वकिलात हॉटेलला विचारू शकते.

केंद्रावर

अर्ज वकिलातींच्या वतीने खासगी कंपन्या घेतात: बहुतेक देशांचे व्हीएफएसच्या केंद्रात, स्पेनचे बीएलएसमध्ये. अपॉइंटमेंट घेताना दोन अर्जदार निवडा, म्हणजे एकाच वेळी दोघांचे काम होते. अधिकृत संकेतस्थळाशिवाय कुणाला अपॉइंटमेंटचे पैसे देऊ नका. फी मोठ्या माणसाला ९० युरो, ती दिरहॅममध्ये भरायची. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला.

बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिलेले असतील तर जुनेच वापरता येतात, नाहीतर स्वतः जावे लागते. लग्नसराईत किंवा सणाला मेंदी काढली असेल तर ती बोटांच्या टोकांवरून पुरती जाईपर्यंत थांबा, ठसे नीट उमटत नाहीत.

व्हिसा हातात आल्यावर

स्टिकर तिथेच वाचा: नाव, पासपोर्ट क्रमांक, तारखा, प्रवेश किती, दिवस किती. चूक असेल तर त्याच दिवशी सांगा. दिवस मोजताना आत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस धरतात. दहा रात्री म्हणजे अकरा दिवस. आणि परतीचे विमान मध्यरात्रीनंतर साडेबाराला असेल तर बारा. ११ दिवसांच्या व्हिसावर असे तिकीट काढले की मुदत मोडली. १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकात घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे एका दिवसाची चूकही दिसते.

भारतीयांना आता सहज दोन वर्षांचा व्हिसा मिळतो, असे ऐकून बरेच जण निराश होतात. १८ एप्रिल २०२४ ला आलेली ती सवलत भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी आहे. यूएईतून अर्ज करणाऱ्यांना नेहमीचा जिना चढावा लागतो: दोन वर्षांत तीन व्हिसे नीट वापरले की एक वर्षाचा, मग दोन वर्षांचा, मग पाच.

नकार आला तर छापील पत्रावर कारणापुढे खूण केलेली असते. अपील करता येते, पण कागद कमी पडला असेल तर तो जोडून नवा अर्ज करणे बहुधा लवकर होते. नकाराची नोंद पाच वर्षे राहते, म्हणून पुढच्या फाइलमध्ये आधीचा नकार आणि त्यानंतर काय दुरुस्त केले हे चार ओळींत लिहा. एकाला मिळून दुसऱ्याला नाकारला असेल, तर त्याच तारखांनी घाईघाईत पुन्हा अर्ज करण्यापेक्षा सहल पुढे ढकला.

निघताना हॉटेल आणि विम्याच्या छापील प्रती दोघांच्याही हातातल्या बॅगेत वेगवेगळ्या ठेवा, आणि एमिरेट्स आयडीची कार्डे विसरू नका. २०२२ पासून रेसिडेन्सीचे स्टिकर पासपोर्टवर लागत नाही, म्हणून परतीच्या चेक-इनला काउंटरवर ते कार्डच मागतात.