बाल्कनीतल्या बादलीत ओल्या कचऱ्याचं खत

झाकणाची २० लिटरची जुनी बादली घ्या. तापलेल्या सळईने तळाला आठ-दहा आणि बाजूंना चहूकडे पेन्सिल जाईल एवढी भोकं पाडा. बादली दोन विटांवर, पावसाचा मारा लागणार नाही अशी ठेवा. खाली ताटली हवीच, पाणी झिरपतं.

तळाशी चार बोटं सुका पाला किंवा पिंजलेल्या नारळाच्या शेंड्या घाला, वर दोन मुठी जुनं खत. ते नसेल तर वाटीभर आंबट ताक शिंपडा. मग रोजची सालं, देठं, चहाचा चोथा बारीक चिरून टाका आणि प्रत्येक वेळी त्याच्या दीडपट ते दुप्पट सुका पाला वर पसरा. लोक चुकतात ते इथेच. पाला कमी पडला की ओल साचते, हवा खेळत नाही आणि कुजका वास सुटतो. तसं झालं तर सगळं उकरून पाला मिसळा, दोन दिवस नवा कचरा थांबवा. एरवी तीन-चार दिवसांनी एकदा हलवलं तरी पुरे.

मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी टपकू नये. मुंग्या लागल्या तर ते कोरडं झालंय; पाणी शिंपडा. अळ्या दिसल्या तर किळस वाटेल, पण त्या कचराच खातात. मटण-मासे, तेलकट उरलंसुरलं टाकू नका. शहाळी आणि आंब्याच्या कोयी महिनोन्‌महिने तशाच राहतात.

बादली भरली की दुसरी सुरू करा. पहिलीतलं खत दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं आणि ओल्या मातीसारखा वास येतो. चाळून, दोन भाग मातीत एक भाग मिसळून कुंडीत घाला.