गाझासाठी निदर्शनं करताय? आधी घोषणा लिहून काढा

बेळगावात गाझासाठी निदर्शनं ठेवायलाय तर पोलिसांची परवानगी घ्याच, पण त्याआधी घोषणा कागदावर लिहून काढा, माइक हातात आल्यावर सुचेल ते ओरडायचं नाही. 2025 ला इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवात एका बँडने इस्रायली सैन्याच्या मरणाच्या घोषणा दिल्या आणि मग कित्येक दिवस वाद कशावर, तर बीबीसीने ते लाइव्ह का दाखवलं यावर, गाझातली उपाशी पोरं बातमीतून गायब. अमेरिकेत नोव्हेंबर 2023 मध्ये रशिदा तलैब या पॅलेस्टिनी वंशाच्या खासदारावर 234 विरुद्ध 188 मतांनी निंदेचा ठराव झाला, त्यातही 'नदीपासून समुद्रापर्यंत' पॅलेस्टाइन मुक्त होईल ही घोषणाच मोठा मुद्दा झाली, कारण काहीजण तिचा अर्थ इस्रायल संपवा असा लावतात. मला याचाच जास्त राग येतो.

आपल्याकडे वेगळं काय होतं? 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत एका पोराने कन्नड माणसाला शिवी दिली की संध्याकाळी तेवढीच क्लिप फिरते, 1956 पासूनची महाराष्ट्रात जायची मागणी राहिली बाजूला.

तर घोषणा कृत्यावर आणि सरकारवर करा. नेतान्याहू सरकार म्हणा, बॉम्बहल्ले म्हणा, अडवलेलं अन्न म्हणा, ज्यू म्हणून सगळ्यांना झोडू नका, कुणाच्या मरणाची घोषणा तर अजिबात नको. कडक बोलायचंच आहे तर आकडे बोला की, गाझाच्या आरोग्य खात्यानुसार मृतांचा आकडा 60,000 च्या वर गेलाय, यापेक्षा कडक काय असणार. 'नरसंहार' म्हणायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेने डिसेंबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात केस घातलीय हे पत्रकात लिहा, म्हणजे नुसता आरोप वाटत नाही. आणि 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलमध्ये हमासने मारलेली सुमारे 1,200 माणसं, पळवून नेलेले ओलीस, हेही त्याच पत्रकात हवं. काहीजण म्हणतील कशाला, पण माणसं मेल्याचं दुःख निवडून करायचं नसतं.

फलक मराठी, कन्नड, उर्दू तिन्हीत करा आणि प्रत्येक भाषा येणाऱ्याकडून वाचून घ्या, चन्नम्मा सर्कलला उभं राहिल्यावर चूक कळून उपयोग नाही. माइक दोघांकडेच. गर्दीत कुणी धर्मावरून काही ओरडलं तर घोषणा थांबवायच्या, त्याला बाजूला घ्यायचं, आणि तरीही क्लिप फिरलीच तर त्याच रात्री आयोजकांनी नावानिशी लिहायचं की ही आमची घोषणा नाही, खाली मूळ मागण्या परत टाकायच्या. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबू नका.