सिम बदललं आणि नेट बंद? आधी एपीएन बघा

नवीन सिम टाकलं किंवा नंबर पोर्ट केला की पुष्कळदा टॉवर पूर्ण दिसतो, फोनही लागतो, पण नेट काही चालत नाही. अशा वेळी बहुधा एपीएन (अ‍ॅक्सेस पॉइंट नेम), म्हणजे फोनला कंपनीच्या नेटशी जोडणारी सेटिंग, चुकलेली असते. दुकानात जाण्याआधी अँड्रॉइड फोनवर एवढं करून बघा.

१. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, सिम निवडा आणि ‘अ‍ॅक्सेस पॉइंट नेम्स’वर जा. दोन सिम असतील तर प्रत्येकाची यादी वेगळी असते, हे विसरू नका.
२. आहे त्या सेटिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.
३. वरच्या तीन टिंबांतून ‘रीसेट टू डीफॉल्ट’ करा. बहुतेक वेळा काम इथेच होतं.
४. नाही झालं तर नवीन एपीएन जोडा. नाव काहीही द्या, पण एपीएनच्या रकान्यात जिओला ‘जिओनेट’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’, एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ हेच लागतं. सगळं इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. युजरनेम, पासवर्ड रिकामे ठेवा. एपीएन टाइपमध्ये ‘डीफॉल्ट’ हवंच. तिथे नुसतं ‘एमएमएस’ असेल तर नेट येणार नाही.
५. परत तीन टिंबांत जाऊन ‘सेव्ह’ दाबा. काही फोनमध्ये नुसतं मागे आलं की लिहिलेलं सगळं पुसलं जातं, आणि बरेच जण इथेच अडकतात. मग यादीत नव्या नावासमोरचा गोल निवडा आणि एरोप्लेन मोड एकदा चालू-बंद करा.

अनोळखी मेसेजमधून आलेली ‘इंटरनेट सेटिंग’ मात्र कधीही इन्स्टॉल करू नका. त्यातून तुमचं नेट भलत्याच सर्व्हरवरून फिरवता येतं.