परवडणाऱ्या ऑटोमॅटिक डायव्ह वॉचच्या बाबतीत या चुका टाळा

२०० मीटरपर्यंतच्या दाबाचं डायव्ह वॉच, म्हणजे पाण्यात वापरायचं घड्याळ, पाण्याने मेलं की दोष बहुतेक वेळा क्राऊनपाशी, म्हणजे चावी-वेळेच्या बाजूच्या बटणापाशी, सापडतो. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

स्क्रू-डाऊन (आट्यांवर फिरवून बंद होणारा) क्राऊन घाईत उलटसुलट फिरवून आवळला की आटे वाकडे बसतात आणि झिजतात. मग तो वरवर बसल्यासारखा दिसतो, पण आतल्या रबरी रिंगवर हवा तेवढा दाब येत नाही. योग्य पद्धत अशी: क्राऊन हलकेच आत दाबा आणि आधी उलट्या दिशेने, म्हणजे आपल्याकडे, सावकाश फिरवा. एक बारीकशी ‘टक’ जाणवते. आटे जुळल्याची ती खूण आहे. तिथून दाब कायम ठेवून पुढे फिरवा. बोटांनी आवळला जातो तेवढा पुरे, पक्कड नको. क्राऊन मध्येच अडला तर जोर लावू नका. मागे घेऊन पुन्हा सुरुवात करा.

पाण्यात घड्याळाची वेळ लावणं किंवा क्राऊन उघडणं पूर्ण बंद. गरम शॉवर आणि सॉना यांपासूनही घड्याळ दूर ठेवा. २०० मीटर हा आकडा दाबाचा आहे, उष्णतेचा नाही. रोजच्या वाफेने आणि साबणाने रबर लवकर कडक होतं, आणि गरमवरून एकदम गार झालं की आत दमट हवा ओढली जाते. समुद्रातून आल्यावर मात्र गोड्या पाण्यात नक्की धुवा. वाळलेलं मीठ बेझलखाली (काचेभोवतीच्या फिरत्या कड्याखाली) साचतं आणि बेझल जाम होतं. तसं झालंच, तर क्राऊन बंद असल्याची खात्री करून कोमट साबणपाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा, मऊ टूथब्रशने कडेने घासा. तेल सोडू नका. त्याला आणखी घाण चिकटते.

काचेच्या आत धुकं दिसतं का? कोमट झालेल्या घड्याळाच्या काचेवर गार पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवा आणि पुसा. आत धुकं उरलं, तर ओल शिरली आहे. तांदळात पुरणं, उन्हात ठेवणं, हेअर ड्रायर मारणं हे उपाय वेळ घालवतात. खारं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, गंज थांबत नाही. मागचं झाकण कशासाठीही उघडलं गेलं, तर पुढच्या पोहण्याआधी गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी रिंग) तपासून प्रेशर टेस्ट करवून घ्या. ही पायरी फार जण गाळतात.

तारीख बदलण्याची चूक मशीनला थेट इजा करते. रात्री ९ ते पहाटे ४ या काळात तारखेचं चक्र गुंतलेलं असतं. तेव्हा क्राऊनने तारीख ओढली तर प्लास्टिकचा दात तुटू शकतो. आधी काटे सकाळच्या ६ वर आणा, क्राऊन मधल्या टप्प्यावर ठेवून आदल्या दिवसाची तारीख लावा, मग काटे पुढे फिरवून तारीख आपोआप पलटू द्या. ती पलटली की रात्रीचे १२ झाले हे कळतं.

घड्याळ ‘बंद पडतं’ अशी तक्रार असेल तर आधी मशीन कोणतं ते बघा. सेको ७एस२६ ला हाताने चावी देता येत नाही; मनगट हलवूनच ते भरतं. सेकोच्याच एनएच३५ मशीनला क्राऊनने चावी देता येते. बंद पडलेल्याला २० ते ३० फेऱ्या दिल्या की ते चालू लागतं, पूर्ण भरल्यावर सुमारे ४१ तास टिकतं. दिवसभर बैठं काम असेल तर ते पुरेसं भरत नाही. त्यात घड्याळाचा दोष नाही. झटके देऊन हलवण्याची गरज नाही.

वेळ पुढे-मागे होण्याबद्दल अपेक्षा रास्त ठेवा. ४आर३६ या मशीनसाठी सेको दिवसाला +४५ ते −३५ सेकंदांच्या फरकाची मुभा देते, ओरिएंटच्या एफ६९२२ मशीनसाठी ती +२५ ते −१५ आहे. एवढ्यात असेल तर झाकण उघडून घेऊ नका. पण कालपर्यंत ठीक असलेलं घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळू लागलं, तर चुंबकाचा संशय घ्या: स्पीकर, फोनच्या कव्हरची चुंबकं, पर्सची बकल. घड्याळ होकायंत्राजवळ धरा. सुई डगमगली तर केशतंतूवर (वेळेची गती राखणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) चुंबकत्व चढलेलं असू शकतं. डीमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व काढणाऱ्या छोट्या यंत्राचं) बटण दाबून ठेवून घड्याळ सावकाश हातभर दूर नेल्यावरच बटण सोडा. जवळ असताना सोडलं, तर चुंबकत्व उलट वाढू शकतं.

खरेदीआधी डायलवरचे शब्दही वाचा. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट २०० मीटर’ आणि ‘डायव्हर्स २०० मीटर’ यात फरक आहे. दुसरं आयएसओ ६४२५ (डायव्ह वॉचचं आंतरराष्ट्रीय मानक) साठी वापरतात आणि त्यात लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाची चाचणी असते. बेझल सहसा एकाच दिशेने फिरतं. चुकून धक्का लागला तर पाण्याखालचा वेळ जास्त झालेला दिसावा, कमी नाही, म्हणून. पाण्यात उतरताना बेझलवरचा शून्याचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा, तासकाट्यावर नव्हे.