आयफोन सोडून अँड्रॉइड घेताय? सिम काढायच्या आधी हे करा

इंडियात आपलं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं त्यामुळे तिकडे हे फारसं कळत नाही, पण इथे अमेरिकेत लोक अजून साधा मेसेजच करतात, आणि आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज बहुतेकदा एसएमएस नसतोच, तो 2011 पासून ॲपलच्या सर्व्हरवरून आयमेसेज म्हणून जातो. तुम्ही फोन बदलला तरी तुमचा नंबर तिथे आयफोनवाला म्हणूनच अडकून राहू शकतो.

मी घाईघाईत सिम काढून नव्या फोनमध्ये टाकलं आणि ताईला चार दिवस वाटत राहिलं की मी रागावलोय. तिच्या फोनवरून मेसेज आयमेसेजचे निळे बबल होऊन जात होते, मला मात्र मिळत नव्हते, फक्त खाली ‘डिलिव्हर्ड’ येत नव्हतं, ते कोण बघतंय!

म्हणून सिम आयफोनमध्ये असतानाच सेटिंग्ज, ॲप्स, मेसेजेस असं जाऊन आयमेसेज बंद करा, जुन्या आयओएसवर मेसेजेस थेट सेटिंग्जमध्येच दिसेल. फेसटाइमपण बंद करा, मगच सिम काढा. फोन आधीच विकला असेल तर टेन्शन नको, ‘डीरजिस्टर आयमेसेज’ सर्च करा, ॲपलचंच पान मिळेल, तिथे नंबर टाकला की एसएमएसने कोड येतो, तो भरला की नंबर सुटला.

आता नव्या फोनवर गूगल मेसेजेस डिफॉल्ट करा आणि त्याच्या सेटिंग्जमध्ये आरसीएस चॅट्स (एसएमएसची नवी, इंटरनेटवरून चालणारी आवृत्ती) ऑन करा, ‘कनेक्टेड’ दिसेपर्यंत थांबा. सप्टेंबर 2024 मध्ये आयओएस 18 आलं तेव्हापासून आयफोनवरपण आरसीएस आहे, त्यामुळे पूर्वी एमएमएसने व्हिडिओचा जो चोथा व्हायचा तो आता होत नाही, समोरचा टाइप करतोय तेपण दिसतं. पण समोरच्या आयफोनवाल्यांच्या मेसेजेस सेटिंग्जमध्ये आरसीएस ऑन पाहिजे आणि त्यांच्या मोबाईल कंपनीचा सपोर्टपण पाहिजे. चालू असेल तर त्यांच्या टायपिंगच्या जागी ‘टेक्स्ट मेसेज आरसीएस’ असं लिहिलेलं दिसतं. निळा बबल फक्त आयमेसेजचा, त्यामुळे त्यांच्याकडे तुमच्या चॅटचा बबल हिरवाच राहणार, त्याचं मनावर घेऊ नका.

जुने फॅमिली ग्रुप मात्र हट्टी असतात, त्यात तुमचा नंबर अजून आयमेसेजवालाच धरलेला असू शकतो, सरळ सगळ्यांना नवा ग्रुप करायला सांगा.

आणि गूगल मेसेजेसमध्ये कुलूप दिसत नसेल तर ते चॅट एन्क्रिप्टेड नाही असं समजा, पासपोर्टचा फोटो, बँकेचे डिटेल्स वगैरे व्हॉट्सॲप नाहीतर सिग्नल ॲपवरच पाठवा.