जपानी महिला खासदाराचं पर्यावरणातलं काम मूळ नोंदींतून कसं तपासावं

पर्यावरणासाठी झटलेल्या एखाद्या जपानी महिला खासदारावर लेख लिहायचा असेल, तर पदांची यादी उतरवून काढणं सोपं असतं, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. बाई कोणत्या समितीवर होत्या हे समजतं. तिथे बसून त्यांनी काय केलं, ते मात्र संसदेच्या शब्दशः वृत्तांतातच सापडतं. जपानची राष्ट्रीय संसद ग्रंथालय ही संस्था 1947 च्या पहिल्या अधिवेशनापासूनचे वृत्तांत इंटरनेटवर फुकट देते. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, बऱ्यापैकी वाचता येत असतील तर कामाला लागा. इथे उदाहरणाला दोमोतो आकिको यांची कारकीर्द घेऊ.

आधी ढोबळ सनावळी लिहून काढा. 1932 साली जन्म, पुढे टीबीएस वाहिनीत पत्रकार. 1989 मध्ये समाजवादी पक्षाकडून सांगीइन या वरिष्ठ सभागृहात. 1995 मध्ये पुन्हा निवडून आल्या, पण या वेळी साकिगाके पक्षाकडून. मार्च 2001 मध्ये चिबा प्रांताच्या ‘चिजी’ म्हणून विजय, आणि ते पद 2009 पर्यंत. ‘चिजी’चं भाषांतर ‘राज्यपाल’ करू नका. चिजीला लोक थेट मतदानाने निवडतात आणि प्रांताचा कारभार त्याच्याच हाती असतो. आपल्या राज्यपालाशी त्याचं काही साम्य नाही.

वृत्तांतावरच्या तारखा सम्राटांच्या कालगणनेत असतात. शोवा वर्षात 1925, हेइसेइ वर्षात 1988 आणि रेइवा वर्षात 2018 मिळवा. पहिलं वर्ष एक आकड्याने नव्हे, तर ‘गान्नेन’ असं लिहितात. दोमोतो निवडून आल्या ते 1989 साल म्हणजे नेमकं हेइसेइ गान्नेन. त्यामुळे आकडा शोधत बसलात तर सुरुवातच हुकते.

आता शोध. ‘बोलणारी व्यक्ती’ या रकान्यात पूर्ण नाव कांजीत, मध्ये जागा न सोडता भरा. नाव स्वतः टाइप करू नका, सांगीइनच्या संकेतस्थळावरून उचला, कारण ‘आकिको’ लिहायच्या कितीतरी तऱ्हा आहेत. समितीचं नाव मात्र सुरुवातीला रिकामंच ठेवा. सांगीइनमधली पर्यावरणाची समिती आधी ‘विशेष समिती’ होती, 1998 नंतर काही काळ ‘भूमी व पर्यावरण समिती’ झाली, आणि 2001 पासून नुसती ‘पर्यावरण समिती’. आजचं नाव टाकलं तर दोमोतोंची संसदेतली बहुतेक वर्षं गळून जातील.

शोधशब्द निवडणं ही यातली खरी मेख. नुसतं ‘कान्क्यो’ म्हणजे पर्यावरण टाकलं की निकालांचा ढीग पडतो. विषयाचा नेमका शब्द घ्या आणि त्याची त्या काळातली रूपंही शोधा. जैवविविधतेला आज ‘सेइबुत्सु तायोसेइ’ म्हणतात, पण आंतरराष्ट्रीय कराराच्या अधिकृत जपानी नावात मध्ये ‘नो’ आहे: ‘सेइबुत्सु नो तायोसेइ’. त्या एका ‘नो’पायी भाषणं निसटतात. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाला कोणी कांजीत ‘एइक्यो ह्योका’ म्हणतं, कोणी काताकानात, म्हणजे परकीय शब्दांसाठीच्या लिपीत, ‘आसेसुमेंतो’. दोन्ही वेगवेगळे शोधा. 1997 च्या मूल्यांकन कायद्याच्या आसपासची चर्चा वाचायची असेल तर हे टाळताच येणार नाही.

पान उघडलं की प्रत्येक भाषणाआधी एक वर्तुळ, पुढे नाव आणि नावाला ‘कुन’ जोडलेलं दिसेल. वर्गात आपण शिकतो की ‘कुन’ मुलांना किंवा हाताखालच्यांना लावतात. म्हणून इथे बाईंचा अपमान झाला असा निष्कर्ष काढू नका, किंवा हे कुणी पुरुष असावेत असंही समजू नका. संसदेत स्त्री-पुरुष सगळ्यांनाच तो लावायची जुनी रीत आहे. दोइ ताकाको 1993 ते 1996 या काळात कनिष्ठ सभागृहाच्या सभापती होत्या. त्या मात्र सर्वांना चालणारं नेहमीचं आदरार्थी ‘सान’ म्हणत.

प्रश्न वाचून थांबू नका, उत्तराचं क्रियापद पाहा. ‘केंतो शिमासु’ म्हणजे ‘विचार करू’, आपल्याकडच्या ‘बघू’सारखंच. ते आश्वासन म्हणून नोंदवू नका. पुढच्या अधिवेशनांत तोच विषय पुन्हा शोधा. तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारलेला दिसला, तर आधीच्या दोन ‘केंतो’ वाया गेल्या.

विधेयकांच्या यादीत तीन खुणा असतात: ‘काकुहो’ मंत्रिमंडळाचं, ‘शूहो’ कनिष्ठ सभागृहातल्या सदस्यांचं आणि ‘सान्पो’ सांगीइनच्या सदस्यांचं. सांगीइनमध्ये सदस्याला विधेयक मांडायला दहा जणांचा पाठिंबा लागतो, पैशाचा प्रश्न असेल तर वीस जणांचा. साकिगाकेसारख्या छोट्या पक्षाला ते एकट्याने जमणारं नव्हतंच. त्यामुळे ‘सान्पो’च्या यादीत नाव नाही म्हणजे काम नाही, असा अर्थ काढू नका. दुरुस्त्या आणि ‘फुताइ केत्सुगी’, म्हणजे विधेयकाला जोडलेले ठराव, हेही पाहा. हे ठराव बंधनकारक नसतात. लेखी प्रश्न, म्हणजे ‘शित्सुमोन शुइशो’, एकटी सदस्यही देऊ शकते आणि मंत्रिमंडळाला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ही यादी वेगळी असते आणि बरेच जण ती पाहायची विसरतात.

बाई मंत्री असतील तर वाचण्याची पद्धत बदलते. हिरोनाका वाकाको ऑगस्ट 1993 मध्ये पर्यावरण संस्थेच्या प्रमुख मंत्री झाल्या आणि त्याच नोव्हेंबरात पर्यावरण मूलभूत कायदा संमत झाला. म्हणून तो सगळा त्यांच्या नावावर टाकायचा मोह होतो. पण विधेयक आधीच्या सरकारने मांडलं होतं. जूनमध्ये कनिष्ठ सभागृह विसर्जित झालं आणि ते बारगळलं. आधीच्या, म्हणजे 126 व्या, अधिवेशनाचा वृत्तांत वाचल्याशिवाय श्रेयाचा हिशेब लावू नका.

असाच घोळ दोमोतोंच्या बाबतीत सानबान्झेचा होतो. टोकियोच्या उपसागरात उरायासु, इचिकावा, फुनाबाशी आणि नाराशिनो यांच्या समोर असलेली ही भरती-ओहोटीची उथळ जागा. तिथे 740 हेक्टर भराव टाकायची योजना 1999 मध्ये 101 हेक्टरवर आली. ती कपात त्यांच्या आधीच्या चिजींच्या काळातली. दोमोतोंनी 2001 मध्ये उरलेली 101 हेक्टरची योजनाच मागे घेतली आणि जानेवारी 2002 पासून रहिवासी, मच्छीमार आणि तज्ज्ञ यांची ‘एंताकु काइगी’, म्हणजे गोलमेज बैठक, सुरू केली. ‘740 हेक्टर वाचवले’ असं लिहिलं तर ते चूक. या टप्प्यासाठी संसदेचा वृत्तांत कामाचा नाही, चिबा प्रांतसभेचा उघडा. तिथे त्या उत्तर देणाऱ्या बाजूला बसलेल्या दिसतील.

टिपण करताना अधिवेशनाचा क्रमांक, सभागृह, समिती, अंक आणि तारीख हे पाचही लिहा. अंकाची मोजणी दर अधिवेशनात एकपासून सुरू होते. त्यामुळे नुसतं ‘अंक 3’ लिहून ठेवलं तर महिन्याभराने ते पान तुमचं तुम्हालाही सापडणार नाही.