वाचण्याआधी फाइल सारखी करा

दिवाळी अंकाच्या मुद्रितशोधनाला नव्यानं बसणाऱ्यांना मी आधी हेच सांगते : फाइल आल्या आल्या वाचायला घेऊ नका. मूळ फाइल बाजूला ठेवून तिची प्रत काढा आणि ती आधी सारखी करून घ्या. कुणी इनस्क्रिप्ट कळफलकावर टाइप केलेलं असतं, कुणी मोबाइलवर, काही मजकूर श्रीलिपी या जुन्या सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षरचिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणलेला. पडद्यावर सगळं एकसारखं दिसतं, संगणकाला मात्र ते निराळं असतं. मग शोधलेला शब्द अर्ध्या ठिकाणी सापडतच नाही.

‘स्वतः’ घ्या. पुष्कळजण विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. पण कंट्रोल-एचनं शोधा-बदलाची चौकट उघडून सरसकट सगळे अपूर्णविराम बदलाल, तर ‘१०:३०’ या वेळेतही विसर्ग शिरेल. त्यापेक्षा स्वतः, दुःख, अंतःकरण, विशेषतः असे शब्द एकेक करून बदला.

‘ॲ’ची गोष्ट जास्त चकवणारी. युनिकोडमध्ये हे स्वतंत्र अक्षर २००८ साली आलं; ‘अ’वर चंद्र देऊन लिहायची जुनी रीत अजून चालूच आहे. विंडोजवरच्या वर्डमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक उमटतो. ०९७२ दिसलं तर ते एकच अक्षर. ‘अ’ तसाच राहून पुढे ०९४५ उमटलं तर दोन तुकडे जोडलेले. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की अक्षर परत येतं. ‘दुसऱ्या’तला ऱ्यासुद्धा असाच दोन तऱ्हांनी टाइप होतो. दोन्ही रूपं मजकुरातूनच कॉपी करा, शोधा-बदलाच्या चौकटीत चिकटवा, म्हणजे काम झालं.

‘रिप्लेस ऑल’ला मी फार जपते. ‘मत’च्या जागी ‘अभिप्राय’ घालायला जाल आणि ‘किंमत’चं ‘किंअभिप्राय’ होईल. फक्त पूर्ण शब्द शोधायला सांगितलं तर ‘मताला’, ‘मतांचा’ निसटतात. आपल्या विभक्त्यांपुढे एकेक जागा डोळ्यांखालून घालण्याला पर्याय नाही.

मग वाचायला बसा. कंट्रोल-शिफ्ट-ई दाबून ट्रॅक चेंजेस चालू करा. लेखकाला प्रत्येक बदल दिसला पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. शंका मजकुरात कंसात लिहू नका, तशीच छापली जाते. कंट्रोल-ऑल्ट-एमनं टिप्पणी द्या. आणि मध्येच फोन आला, संदर्भ बघायला दहा पानं मागे गेलात, तर शिफ्ट-एफ५ शेवटच्या दुरुस्तीच्या जागी परत नेतं.